उतरवलेलं ओझं जातं कुठं?

पंढरीला पहिल्यांदा पायी निघणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि सगळ्यांचा सूर एकच असतो: हलकं चल. दोन कपडे पुरे, पांघरूण कशाला, वाटेत सगळं मिळतं, माऊली कुणाला उपाशी ठेवत नाही. सांगणाऱ्यानं बहुधा स्वतः चार-दोन वाऱ्या केलेल्या असतात, त्यामुळं त्याचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. नवख्याची सॅक गरजेपेक्षा जड असते हे खरंच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळमधल्या घरातून निघताना आवश्यक वाटलेल्या निम्म्या वस्तू मिरज ओलांडेपर्यंत नकोशा होतात. पण या सल्ल्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. पिशवीतून काढून ठेवलेली वस्तू म्हणजे तेवढं ओझं कायमचं संपलं, असं सांगणारा मानतो. तसं होत नाही. पांघरूण घेतलं नाही म्हणून रात्रीचा गारवा कमी होत नाही. कुणाच्या तरी पांघरुणाचा अर्धा भाग लागतोच. ताट घेतलं नाही म्हणून जेवण टळत नाही. ते कागदाच्या द्रोणात होतं आणि तो द्रोण दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलतं. पाठीवरून उतरलेलं वजन बऱ्याचदा नुसतं जागा बदलतं. म्हणून पिशवी भरताना ‘काय सोडू’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, मी सोडलं तर ते कोण वाहणार आहे, आणि त्याला ते विचारलं आहे का?

आधी हलकेपणाची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे. शिरोळहून जयसिंगपूर, मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला अशी वाट धरली तर पंढरपूर साधारण दीडशे किलोमीटर. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्याला आठवडाभर लागतो. आषाढीसाठी निघायचं तर सुरुवात कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या रानातून, उसाच्या फडांमधून, चिखलापावसातून होते; पुढं कवठेमहांकाळ मागं पडलं की पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख लागतो आणि त्याच आषाढात डोक्यावर ऊन येतं. एकाच सॅकला दोन हवामानं सांभाळायची असतात. पदयात्रींमध्ये जगभर एक ढोबळ हिशेब चालतो: पाठीवरचं वजन आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं. साठ किलोच्या माणसाच्या वाट्याला सहा किलो येतात. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. दोन लिटर पाणी आणि किलो-सव्वा किलोची रिकामी सॅक धरली की उरतात पावणेतीन किलो. त्यात जीनची पँट आली की हिशेब मोडतो, कारण ती भिजली की दुप्पट जड होते आणि दिवसभर वाळत नाही. टर्किश टॉवेलाचं काम पंचा करतो, छत्रीचं काम मेणकापड करतं, आणि नव्या कोऱ्या बुटांपेक्षा पायाला सरावलेली जुनी चप्पल बरी. कोल्हापुरी पायताणाचा अभिमान जिल्ह्याला असला तरी न रुळलेलं पायताण घालून दीडशे किलोमीटर डांबरी रस्ता तुडवायला निघणाऱ्याच्या टाचा दुसऱ्या दिवशीच बोलायला लागतात. इथपर्यंत सल्ला देणाऱ्याचं सगळं बरोबर आहे. तरी या हिशेबात एकच पाठ मोजली आहे, चालणाऱ्याची.

हलकेपणाची परिसीमा पाहायची तर शिरोळ तालुक्याबाहेर जायची गरज नाही. इथं गावोगाव दिगंबर जैनांची मोठी वस्ती आहे आणि मुनींचा विहार हे या रस्त्यांवरचं ओळखीचं दृश्य आहे. अंगावर वस्त्र नाही, पायात काही नाही, हातात मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. वाचायला शास्त्र असलं तर तेवढं तिसरं. कुठल्याही पदयात्रीची यादी यापुढं लांबलचक वाटेल. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळच्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज असेच दक्षिणेतून थेट सम्मेदशिखरजीपर्यंत चालत गेले आणि १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला. पण त्या शिखरजीच्या विहारात संघाची व्यवस्था मुंबईच्या एका जव्हेरी कुटुंबानं उचलली होती. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. त्या एका आहारासाठी श्रावकांना चौका मांडावा लागतो. पाणी गाळायचं, उकळायचं, धान्य निवडायचं, शुद्धतेनं रांधायचं, आणि पुढच्या मुक्कामी भांडी-शेगड्या घेऊन आधीच पोचायचं. हात मोकळे मुनींचे असतात, भांडी श्रावकांच्या गाडीत असतात. यात मुनिधर्माचं उणं काढण्यासारखं काही नाही. ही परंपरा ओझ्याचा हिशेब लपवत नाही. कुणी काय सोडायचं आणि ते कुणी सांभाळायचं, याचे नियम तिनं दोन्ही बाजूंना बांधून दिले आहेत. मुनी मागत नाहीत, आहार विधिपूर्वक मिळाला नाही तर उपाशी परत फिरतात. पावसाळ्यात पायाखाली जीव चिरडतात म्हणून चार महिने चालणंच थांबवतात. आणि सगळं सोडून उरलेल्या दोन वस्तू कोणत्या, तेही पाहावं. पिच्छी बसण्या-उठण्याच्या जागेवरचे जीव हळुवार बाजूला करण्यासाठी असते आणि कमंडलूतलं पाणी स्वतःच्या शौचासाठी. आपल्यामुळं दुसऱ्याला होणारी इजा आणि आपल्या देहाची घाण, या दोन गोष्टींची जबाबदारी दुसऱ्यावर टाकता येत नाही, असा त्या यादीचा अर्थ मी लावतो.

वारकऱ्यांची रीत वेगळी, पण हिशेब तोच. दिंडीत चालणाऱ्याच्या खांद्याला छोटी पडशी किंवा शबनम असते, गळ्यात टाळ असतात. वळकटी, ट्रंक, राहुट्या, सतरंज्या, गॅसच्या टाक्या, पातेली, पाण्याचा टँकर हे सगळं वाहनांवर. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रक आणि टेम्पो. वारकरी पहाटे उठून भजन करत निघतो तेव्हा मागं राहुट्या उतरवणारे हात असतात, आणि तो दुपारी विसाव्याला पोचतो त्याच्या आधी चुली पेटलेल्या असतात. हे सगळं आजकालच्या सुखसोयींमुळं आलं असंही नाही. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली असं सांगतात. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीला आजचं वैभव आणि शिस्त दिली. त्यांनाही घोडे, तंबू, सेवेकरी कुणीतरी पुरवावे लागलेच. ते पुरवले बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी, आणि त्यांचे अश्व आजही दरवर्षी अंकलीहून पायी आळंदीला जातात. म्हणजे या सोहळ्याच्या मांडणीतच ‘तंबू कोण आणणार’ हा प्रश्न विचारला गेला, त्याला उत्तर देणारा माणूस पुढं आला आणि त्याला मानाचं स्थान मिळालं. हा सोहळा दोनशे वर्षं टिकला त्यात श्रद्धेइतकाच या वाटणीचा वाटा आहे. ओझं दुसऱ्यानं वाहिलं यात गैर काही नाही. वाहणाऱ्याला ते ठाऊक होतं, त्यानं ते पत्करलं होतं आणि घेणाऱ्यांनी त्याचं नाव घेतलं होतं.

ओझं हा यात्रेचा शत्रू आहे ही समजूतही आपल्या मुलखात टिकत नाही. शिखर शिंगणापूरला चैत्रात सासवडहून येणारी कावड मुंगी घाटाच्या अवघड चढणीनं वर नेतात. गाडीरस्ता असताना तिथूनच नेतात. जोतिबाच्या चैत्रयात्रेत उंचच्या उंच सासनकाठ्या तोलत नाचवतात. दिंडीतला वीणेकरी वीणा खाली ठेवत नाही, ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका ते उन्हापावसात मैलोगणती नेतात. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले, वाटेत लुटले गेले, कमावलेलं गमावलं, आणि तरीही परतताना आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईला आले. ‘माझा प्रवास’ वाचताना जाणवतं, की पैशाअडक्याचं ओझं जाण्याचं दुःख या माणसाला होतं, पण कावडीच्या वजनाबद्दल तक्रार नव्हती. हलकेपणा हीच कसोटी असती तर ही सगळी माणसं वेडी ठरली असती. दुसऱ्यासाठी वाहिलेलं वजन आपल्या परंपरेनं कधी कमी करायला सांगितलेलं नाही. तिचा रोख स्वतःसाठी साठवलेल्या वजनावर आहे.

मग उलट्या टोकाला जावं का? कुणावर भार नको म्हणून तंबू, स्टोव्ह, शिधा, सगळं पाठीवर बांधून स्वयंपूर्ण व्हावं का? पंधरा-सोळा किलोची सॅक घेऊन सह्याद्रीत भटकणारी पोरं हे करतात आणि त्यांना ते शोभतं. पण यात्रेत सगळं आपलं आपण नेण्याचा इतिहास तितका निर्मळ नाही. आपलं भांडं, आपला तांब्या, आपलं सोवळं, आपला आचारी, आपली पंगत, हे सगळं लोक युगानुयुगं स्वतः बाळगत आले, आणि त्यामागं दुसऱ्याला त्रास नको ही भावना क्वचितच होती; दुसऱ्याचा स्पर्श नको ही होती. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’त ‘वाटचाल’ नावाचा लेख आहे. दिंडीबरोबर चालताना एकाच विठ्ठलाकडं निघालेली ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला मात्र वेगवेगळी बसतात, याची खंत त्यांनी त्यात नोंदवली आहे. त्या वेगळ्या पंगतींची वेगळी भांडी कुणाच्या ना कुणाच्या गाठोड्यात होतीच. म्हणजे भरलेली पिशवीही दोषी ठरू शकते. तिच्यातली एखादी वस्तू दुसऱ्याचा भार हलका करण्यासाठी आहे की दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी, हे तपासल्याशिवाय स्वावलंबनाला गुण देता येत नाहीत.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. वाटेवरची गावं वारकऱ्याला खाऊ घालतात ते भार म्हणून नव्हे, पुण्य म्हणून. ज्याला शेतीच्या कामामुळं वारीला जाता येत नाही, त्याची वारी दारात आलेल्या माऊलीच्या पायांवर पाणी घालण्यात असते. त्याला ‘मी माझी भाकरी आणली आहे’ असं सांगणं हा उद्धटपणा होईल. जपानात शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या पदयात्रेतही वाटसरूला काहीबाही देण्याची जुनी रीत आहे, आणि दिलेलं नाकारू नये असा तिथला संकेत आहे. आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच मी ‘सगळं न्या’ म्हणत नाही. पण दिलेलं आणि लादलेलं यात फरक आहे, आणि तो फरक शिरोळकरांना समजावून सांगायला नको. दत्तसंप्रदायातली माधुकरी पाहा. नृसिंहवाडीच्या परिसरात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली. ती एका घरी पोटभर मागायची नसते. पाच घरी थोडं थोडं मागायचं, म्हणजे कुणाच्याच चुलीवर ताण येत नाही, आणि नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं. दुसरा दाखला पाण्याचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या तालुक्यातल्या हजारो माणसांना घरं सोडावी लागली. हाताला लागेल ते घेऊन निघणं म्हणजे काय, परक्याच्या ताटातलं अन्न घेणं म्हणजे काय, हे इथं ऐकीव नाही. मदतीबरोबर येणाऱ्या जुन्यापान्या कपड्यांच्या ढिगांची तक्रारही पूरग्रस्त गावांना नवी नाही. ते ढीग निवडायचे, ठेवायचे, शेवटी टाकून द्यायचे, हे काम पूरग्रस्तांच्याच गळ्यात पडतं. देणाऱ्यानं आपल्या कपाटातलं ओझं उतरवलं आणि त्याला दानाचं नाव दिलं. जे देताना घडतं तेच घेतानाही घडू शकतं. म्हणून माझी कसोटी साधी आहे. समोरच्याला नाही म्हणायची सोय होती का? भाकरी देणाऱ्याला होती. पण यात्रा पुढं गेल्यावर शेताच्या बांधावर पडलेल्या बाटल्या, पत्रावळ्या, मेणकापडाचे तुकडे गोळा करणाऱ्या शेतकऱ्याला ती नव्हती.

या कसोटीचा सगळ्यात कठोर पुरावा खुद्द पंढरपुरात आहे. लाखाच्या आसपास वस्तीच्या या गावात आषाढीला कित्येक पटींनी माणसं उतरतात. ती काय घेऊन येतात याची चर्चा पुष्कळ झाली. ती मागं काय ठेवून जातात, याकडं समाजानं फार उशिरा पाहिलं. वाळवंटात आणि गल्लीबोळांत साचलेली घाण यात्रेनंतर माणसांच्या हातांनी उचलली जात राहिली. हातानं मैला उचलायला लावण्याला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, त्याहून कडक कायदा २०१३ साली झाला, आणि तरीही पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. न्यायालयाच्या आदेशांनंतर आणि निर्मल वारीसारख्या प्रयत्नांनंतर फिरती शौचालयं आली, नदीकाठचा ताण कमी करण्यासाठी पलीकडं पासष्ट एकरांवर राहुट्यांची सोय झाली. सुधारणा झाली हे मान्य करायला हवं. पण त्याआधीची किती वर्षं आपण ‘हलकं चाललो’, आणि त्या हलकेपणाचं वजन पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या माणसांनी डोक्यावर वाहिलं! त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्या नावाचा मानाचा घोडा कुठल्या पालखीपुढं चालला नाही. अंकलीचा तंबू आणि पंढरपूरची पाटी, दोन्ही वारीनं दुसऱ्यावर सोपवलेली ओझी. एकाच्या वाट्याला सन्मान आला, दुसऱ्याच्या वाट्याला नाकाला पदर.

आणखी एक आक्षेप माणुसकीचा आहे. हा सगळा हिशेब धडधाकटांना ठीक. सत्तरीच्या आजीनं काय करावं? ज्याच्याकडं सॅकच नाही त्यानं काय करावं? वारीतले बहुसंख्य लोक सुटसुटीत चालतात ते तत्त्वज्ञानामुळं नाही. त्यांच्याकडं न्यायलाच फार नसतं. हे खरं आहे, आणि हलकेपणाचं कौतुक करणाऱ्या शहरी माणसानं ते आधी ऐकावं. कार्तिकी एकादशीच्या सुमाराला शिरोळच्या रस्त्यांवर आणखी एक वाटचाल दिसते. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार असतो: भांडी, पत्रे, धान्य, शेळी, तान्हं मूल. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; तोडलेल्या उसाची तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, असा त्यांचा दिवस. त्यांना ‘हलकं चल’ सांगायची कुणाची छाती होणार नाही. ओझं निवडता येणं हीच मुळात सवलत आहे. म्हणून ओझ्याची वाटणी सारखी नको, ताकदीप्रमाणं हवी. आजीची वळकटी ट्रकवर गेली पाहिजे, याबद्दल वाद नाही. पंचविशीतल्या, सहा किलो आरामात पेलणाऱ्या पोरानं आपली ट्रंकही त्याच ट्रकवर टाकली तर मात्र त्यानं आजीची जागा अडवली. उलट त्याच्या सॅकमध्ये एक-दीड किलोची मोकळी जागा असावी, कारण तिसऱ्या दिवशी शेजारी चालणाऱ्या कुणाची तरी पाण्याची बाटली त्याच्याकडं येणारच आहे. दहा टक्क्यांच्या हिशेबात ही जागा कुणी धरत नाही.

या कसोटीवर पिशवी भरायला घेतली की यादी आपोआप बदलते, आणि गंमत म्हणजे ती फार जड होत नाही. रोजची औषधं आधी जातात. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी अख्ख्या दिंडीत दुसऱ्या कुणाकडं नेमकी तीच असेल असं नाही, आणि ती नसल्यानं रस्त्यात कोसळलेल्या माणसाला चार जणांना उचलावं लागतं. आठवड्याला लागतात त्याहून दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात, सोबत नाव, गाव, घरचा नंबर, रक्तगट आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी. मग स्टीलचं हलकं ताट आणि पेला: वजन मोजून अर्धा किलोच्या आत, आणि आठवड्याच्या मुक्कामांत कित्येक द्रोण-पत्रावळ्या कुणाच्या तरी शेतात पडायच्या वाचतात. पाण्याची बाटली भरून घेता येईल अशी, दर गावाला नवी विकत घ्यायची नाही. साखर-मिठाची पुडी: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्यानं जुलाब झालेल्या माणसाला दवाखाना गाठेपर्यंत धीर येतो, मग तो माणूस आपण असो वा दुसरा. खोबरेल तेल, सुई-दोरा, फोडांसाठी पट्ट्या. एक पातळ चादर, एक मेणकापड, अंगावरचा धरून दोन जोड, एक पंचा. साबणाची वडी, आणि स्वतःचा कचरा पुढच्या कचरापेटीपर्यंत न्यायला एक जादा पिशवी. ही शेवटची पिशवी कुठल्याच यादीत नसते. मुनींच्या पिच्छीचं काम आपल्यासारख्या संसारी माणसाच्या सॅकमध्ये तिनंच करायचं आहे. आता काय काढायचं? चार्जिंगच्या दोन-दोन बॅटऱ्या, चौथा शर्ट, फराळाचे डबे. भाकरी मिळते, भाजी मिळते, आंघोळीला पाणी मिळतं, आडोसा मिळतो. हे गावकरी आनंदानं देतात, ते घ्यावं आणि घेताना ओशाळू नये.

शेवटी पैशाचा मुद्दा. दिंडीची वर्गणी भरली की ट्रकचं, आचाऱ्याचं, टँकरचं देणं फिटलं, मग एवढा काथ्याकूट कशाला, असं कुणी म्हणेल. स्पेनमध्ये सान्तियागोच्या पदयात्रेत हा प्रश्न उघडपणे पुढं आला आहे. फ्रेंच हद्दीतून निघणारी तिथली प्रसिद्ध वाट सुमारे पावणेआठशे किलोमीटरची; पैसे भरले की सॅक गाडीनं पुढच्या मुक्कामी पोचते. मात्र अनेक सार्वजनिक धर्मशाळांत आपलं ओझं आपण वाहून पायी आलेल्याला आधी जागा मिळते. तिथल्या समाजानं सेवा विकत घेण्याला बंदी केली नाही, पण पैसे देणारा आणि पाठ देणारा यांना एका रांगेत उभंही केलं नाही. आपल्याकडंही वर्गणीनं मजुरी भागते, हे मान्य. मजुरी घेऊन राहुटी उभारणारा माणूस सौदा समजून काम करतो, त्याच्यावर अन्याय होत नाही. पण वर्गणीच्या पावतीत बांधावरचा कचरा धरलेला नसतो, वाळवंटातली घाण धरलेली नसते, आणि औषध विसरलेल्या माणसामागं रात्र जागवणारा शेजारीही धरलेला नसतो. जे पैशानं किंवा प्रेमानं कुणी स्वीकारलं आहे तेवढंच दुसऱ्यावर सोडावं, बाकीचं आपल्या पाठीवर असावं. यंदा पहिल्यांदा निघणाऱ्यांनी सॅक जरूर हलकी करावी. फक्त प्रत्येक वस्तू बाहेर काढताना ती आता कोण उचलणार, त्याचं नाव मनात घ्यावं. नाव आठवलं आणि त्याचा होकार असला तर ती वस्तू खुशाल घरी ठेवावी. नाव आठवत नसेल तर ती पुन्हा सॅकमध्ये टाकावी.